आळशी म्हणून आलेला घोडा

आमच्याकडे घोडे बहुधा एकाच तक्रारीने येतात: पळत नाही. मालक ट्रेलरचं दार उघडतात, घोड्याला उतरवतात आणि तो शेजारी उभा असतानाच त्याचे दोष सांगू लागतात. मी सगळं ऐकून घेते, पण माझी नजर घोड्यावर असते. नव्या जागेत तो मान वर करून बघतो का? दुसऱ्या घोड्यांच्या आवाजाकडे कान वळवतो का? उतरल्यावर चारही पायांवर सारखा उभा राहतो का, की एखाद्या पायावरचा भार हळूच काढून घेतो? पहिल्या पाच मिनिटांत घोडा बरंच काही सांगून जातो. आळशी म्हणून आलेल्या ड्यूकने यांपैकी काहीच केलं नाही. तो उतरला, मान खाली घालून उभा राहिला आणि समोरच्या कुंपणाकडे बघत राहिला.

मी टेक्सासमध्ये स्टीफनव्हिल गावाबाहेर एका पागेत घोडे तयार करते. फोर्ट वर्थपासून नैर्ऋत्येला सव्वा-दीड तासावरचा हा भाग रोडिओवाल्यांचा. दर दोन-तीन शेतांआड एक रिंगण दिसतं आणि शनिवारी रस्त्यावर मोटारींच्या बरोबरीने घोड्यांचे ट्रेलर असतात. घोडा मी शिकले मात्र पुण्यात. माझे वडील रेसकोर्सवर एका ट्रेनरच्या पागेत जमादार होते. पावसाळ्यात पुण्याचा सीझन, थंडीत मुंबईला महालक्ष्मी, असं त्यांचं वर्ष घोड्यांच्या मागे फिरायचं. शाळेत जायच्या आधी मी त्यांच्याबरोबर पागेत जायची आणि लिहायला नीट येण्याआधी मला खरारा करता यायला लागला होता.

रेसकोर्सचा घोडा लांब पल्ल्यावर मोठ्या वळणाने पळतो. इथला बॅरल रेसिंगचा घोडा वेगळा. रिंगणात दोनशे लिटरची तीन पिंपं त्रिकोणात उभी केलेली असतात. पहिल्या दोन पिंपांमध्ये 90 फूट, त्या दोन्हींपासून तिसरं 105 फूट, आणि वेळ मोजणाऱ्या रेषेपासून पहिली दोन 60 फूट. घोड्याने भरधाव आत यायचं, तिन्ही पिंपांना घट्ट वळसे घालायचे आणि सरळ बाहेर पडायचं. पिंप पडलं तर पाच सेकंदांचा दंड, म्हणजे ती फेरी गेल्यातच जमा. पूर्ण मापाच्या मैदानावर चांगला घोडा सतरा सेकंदांच्या आसपास परत येतो आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागाने लागतो. या सतरा सेकंदांत घोड्याने तीनदा वेग आवरायचा, तीनदा जवळपास स्वतःभोवती फिरायचं आणि तीनदा पुन्हा शून्यातून सुटायचं. मनापासून केलं नाही तर हे काम होतच नाही. म्हणून 'पळत नाही' ही तक्रार या खेळात फार लवकर उघडी पडते.

ड्यूक नऊ वर्षांचा खच्ची क्वार्टर हॉर्स, तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा पट्टा. गुरांमागे काम करणाऱ्या घोड्यांच्या रक्ताचा. मालकीण पंधरा वर्षांची मुलगी. वडिलांनी तिच्यासाठी तो घेतला तेव्हा तो अठरा सेकंदांच्या आत पळत होता. वर्षभरात तो एकोणिसाच्या वर गेला. पहिल्या पिंपापर्यंत बरा, दुसऱ्याला जड, आणि तिसऱ्याकडून परत येताना चक्क दुडक्या चालीवर. मुलगी टाचा मारून थकायची, मग ओव्हर-अँड-अंडर काढायची. खोगिराच्या पुढच्या शिंगाला लटकणारा हा नायलॉनचा दोर घोड्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने फिरवतात. त्याने ड्यूक दोन ढांगा पुढे उडी मारल्यासारखा जायचा आणि पुन्हा तसाच. वडिलांना तीन महिन्यांत घोडा पळायला हवा होता, नाहीतर ते विकणार होते. मुलगी एक शब्द बोलली नाही, पण जाताना तिने त्याच्या मानेला गाल लावला तेव्हा त्याचे कान पहिल्यांदा पुढे आले. ते मी लक्षात ठेवलं.

पहिले काही दिवस मी त्याच्यावर बसलेच नाही. तो कसा जेवतो ते बघत राहिले. रात्री पुण्याला वडिलांना फोन केला. त्यांना बॅरल रेसिंगमधलं काही कळत नाही, पण घोडा कळतो. त्यांनी ओळीने विचारायला सुरुवात केली.

"चंदी संपवतो का?"

"अर्धी खातो, बाबा. मग गवताकडे वळतो. थोड्या वेळाने परत येऊन दोन घास."

"कातडीला चमक?"

"नाही. अंगात मांस आहे, पण केस रुक्ष दिसतात."

"तंग आवळताना?"

"कान मागे टाकतो. काल बाजूला बांधलेला दोर चावायला गेला."

"मग चाबूक ठेव बाजूला. त्याच्या पोटाचं बघ आधी."

बाबांच्या पागेत पोट तपासायची दुर्बीण नव्हती, औषधं मोजकी होती. पण सकाळी गव्हाणीत उरलेले दाणे बघून जमादार ट्रेनरला सांगायचा की आज या घोड्याला मोकळ्या रपेटीलाच न्या, आणि ट्रेनर ते मानायचा. मी आज ज्या यंत्रांवर विसंबते त्यांच्यापेक्षा त्या सकाळच्या पाहणीचा माझ्यावर जास्त संस्कार आहे, आणि त्याबद्दल मला अभिमान आहे.

मी घोड्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आधी पाय तपासले. कडक जमिनीवर दुडक्या चालीने चालवलं, मागचे सांधे दुमडून धरले आणि सोडताक्षणी पळवलं, खुरांवर चिमटा दाबून पाहिला. बॅरलच्या घोड्याचे मागच्या पायाचे घोटे झिजतात, पुढच्या खुरांत दुखणं धरतं, त्यामुळे ही तपासणी टाळून पुढे जाणं म्हणजे घोड्यावर अन्याय. ड्यूकचे सांधे वयाच्या मानाने चांगले निघाले. नाल जुने होते आणि पुढच्या खुरांची टोकं लांब वाढली होती, ती नालबंदाने दुसऱ्याच दिवशी ठीक केली. मग दुर्बीण. रात्रभर उपाशी ठेवून, सकाळी गुंगीचं औषध देऊन, तीन मीटर लांबीची नळी नाकपुडीतून थेट जठरात.

पडद्यावर जे दिसलं ते मी बऱ्याच घोड्यांत पाहिलं आहे, तरी प्रत्येक वेळी आतून हलते. घोड्याच्या जठराचे दोन भाग असतात. खालच्या भागाला स्वतःचं संरक्षक अस्तर असतं. वरच्या फिकट भागाला ते नसतं. आपलं जठर मुख्यतः जेवणाच्या वेळी आम्ल सोडतं. घोड्याचं जठर चोवीस तास सोडत राहतं, कारण निसर्गाने त्याला दिवसाचे सोळा-सोळा तास थोडं थोडं चरत राहण्यासाठी घडवलं आहे. चघळताना सुटणारी लाळ आम्लाला मवाळ करते, आणि लाळ फक्त चघळतानाच सुटते. त्याला दिवसभर ठाणबंद ठेवलं, दोन वेळा भरपूर दाणा घातला आणि मध्ये रिकामा ठेवला की आम्ल तसंच साचतं. त्यात रिकाम्या पोटी भरधाव पळवलं तर पोटाच्या दाबाने ते उसळून वरच्या उघड्या भागावर येतं. ड्यूकच्या जठरात दोन भागांच्या सीमेवर लांबच लांब व्रण होते, काही ठिकाणी लाल, ओले. तपासणी बघायला मुलीचे वडीलही आले होते. डॉक्टर बोलण्याआधीच त्यांनी टोपी काढली आणि ते पडद्याजवळ जाऊन उभे राहिले. आता त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

जो घोडा पहिल्या पिंपापर्यंत बरा पळतो आणि मग मंदावतो, त्याचं पोट जळत असेल तर तो आळस करत नाहीये. पळालं की दुखतं, एवढं त्याला कळलेलं आहे आणि त्याने त्यातून शहाणपणाचा निष्कर्ष काढलेला आहे. शर्यतीच्या घोड्यांत हा विकार इतका सर्रास आढळतो की मंदावलेल्या घोड्याच्या बाबतीत मी तो आधी धरून चालते आणि नाही असं सिद्ध झाल्यावरच पुढे सरकते.

उपचार सरळ आहेत, फक्त महाग आणि सावकाश. रोज सकाळी रिकाम्या पोटी ओमेप्राझोलची पेस्ट, 28 दिवस, मग पुन्हा दुर्बीण, मग मात्रा हळूहळू कमी. औषधाइतकंच राहणीमान बदलावं लागतं. ड्यूकला मी ठाणातून काढून एका शांत म्हाताऱ्या घोड्याबरोबर कुरणात सोडलं. दाणा कमी करून तो तीन वेळांत वाटला. बारीक भोकांच्या जाळीत कोरडं गवत सतत ठेवलं. आणि कुठलंही काम करण्याआधी त्याला लसूणघास खाऊ घालायला लागले. इथे त्या चाऱ्याला अल्फाल्फा म्हणतात. त्यातल्या कॅल्शियममुळे आम्ल मवाळतं आणि पोटातला चाऱ्याचा थर उसळणाऱ्या आम्लाला अडवतो. तो महिना आम्ही फक्त चाललो. ओकच्या झाडांमधून, ओढ्याकाठाने, कधी लगाम सैल सोडून. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो मला बघून कुरणातून धावत फाटकाशी आला. कुणी बोलावलं नव्हतं.

याच काळात मी त्याचं खोगीर बाजूला ठेवलं. चालून आल्यावर पाठीवर घामाचा ठसा उमटतो, तो खोगीर बसतं की नाही याचा सर्वांत खरा पुरावा असतो. सगळीकडे घाम आणि खांद्यांमागे दोन कोरडे ठिपके असतील तर तिथे सांगाडा रुततो आहे. ड्यूकला ते दोन्ही ठिपके होते. रुंद सांगाड्याचं दुसरं खोगीर मिळालं आणि तंग आवळतानाची त्याची चिडचिड निम्मी झाली. उरलेली पोटाबरोबर गेली.

चाबकाबद्दल इथे स्पष्ट बोलायला हवं, कारण आमच्या व्यवसायात पहिला सल्ला तोच मिळतो. मी चाबूक कधीच हातात घेत नाही असं नाही. पाय दाबून सांगितलेलं घोड्याने ऐकलं नाही तर एक स्वच्छ फटका त्याला आठवण देतो, आणि तिथेच तो संपायला हवा. पण वेग मिळवण्यासाठी मारत राहणं निरुपयोगी आहे. सिडनी विद्यापीठातल्या डेव्हिड इव्हान्स आणि पॉल मॅकग्रीव्ही यांनी 2011 मध्ये रेसच्या घोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोड्यांचा सर्वांत जास्त वेग शेवटच्या 600 ते 400 मीटरच्या टप्प्यात होता, जिथे चाबूक चाललाच नव्हता. शेवटच्या 400 मीटरमध्ये चाबूक चालत होता आणि घोडे मंदावत होते, कारण ते दमलेले होते. दमलेल्या किंवा दुखणाऱ्या शरीरातून मार देऊन वेग काढता येत नाही. मार खाणारा घोडा दोन ढांगा घाबरून टाकतो आणि आपल्याला वाटतं, बघा, मारलं की पळतो. असंच करत राहिलं तर खरं कारण कायमचं झाकलं जातं.

दुसऱ्यांदा दुर्बीण घातली तेव्हा अस्तर जवळजवळ स्वच्छ होतं. आता शरीर कमवायचं होतं. ड्यूक आठवडाभर ठाणात उभा राहायचा आणि शनिवारी पळायचा. सतरा-अठरा सेकंदांच्या कामाला दम लागत नाही असा समज आहे, तो चुकीचा. घोडा चौखूर पळताना त्याचा श्वास ढांगेशी बांधलेला असतो: एक ढांग, एक श्वास. मध्येच दम खाण्याची सोय त्याला नाही. कमावलेला नसेल तर तिसऱ्या पिंपापाशी तो रिकामाच झालेला असतो. म्हणून मी त्याला लांबलचक दुडक्या चालीवर टेकड्या चढवल्या. उन्हाळ्यात इथे दुपारी चाळिशीजवळ तापतं, तेव्हा सगळं काम पहाटे. महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या पहाटा मला इथे फार उपयोगी पडल्या, उजाडण्याआधी घोडा बाहेर काढणं मला कधी जड गेलं नाही. काही आठवड्यांनी शेताच्या कच्च्या रस्त्यावर सरळ रेषेत पळवायला सुरुवात केली. आठवड्यातून दोनदाच, त्याहून जास्त नाही.

सरळ पळवताना मी एक गोष्ट मुद्दाम करते. आमच्या पागेतली एक चपळ घोडी बरोबर घेते आणि तिला एक मान पुढे ठेवते. ड्यूक पहिल्या दिवशी तिच्या मागे राहिला. पुढच्या वेळी कान मागे गेले, पण हे कान वेगळे होते, चिडलेले नव्हते, गुंतलेले होते. मग एका सकाळी तो तिच्या खांद्याशी आला आणि मला त्याच्या पाठीत काहीतरी सुटल्यासारखं जाणवलं. मी काहीच केलं नव्हतं, हात पुढे दिले एवढंच. पळत्या कळपात मागे राहू नये ही ओढ घोड्याच्या रक्तात आहे. शिकवावी लागत नाही, फक्त आपण तिच्या आड येऊ नये.

आणि गुरं. शेजारच्या रँचवर वासरांना दोर टाकण्याचा सराव चालतो. मी मालकाला विचारून ड्यूकला तिकडे नेलं. दोर वगैरे काही नाही, फक्त वासराच्या मागे जायचं आणि त्याच्या बरोबरीने राहायचं. त्याच्या रक्तात हे काम होतं, पण वर्षभर त्याने पिंपांखेरीज काही पाहिलं नव्हतं. पहिलं वासरू सुटलं आणि ड्यूक असा झेपावला की मी खोगिराचं शिंग धरलं. वासरू डावीकडे वळलं, तो त्याच्याआधी मागच्या पायांवर बसून वळला. मला मान वळवावी लागली नाही, टाच लावावी लागली नाही. हा तोच घोडा, ज्याला वळसा घालून सुटताना जोर नाही असं म्हणत होते! त्या दुपारी मी मुलीला व्हिडिओ पाठवला. तिचं उत्तर आलं: "मॅम, हा ड्यूक आहे?"

या आनंदाला मी कामाचा भाग मानते. पिंपांभोवतीच फिरवून आपण घोड्याचं कुतूहल मारतो. जी नक्षी त्याला पाठ आहे ती रोज गिरवून घ्यायची आणि मग तो कंटाळला की त्याला आळशी ठरवायचं, हे मला पटत नाही. ड्यूकला मी आठवड्यातून एकदा पिंपांवर नेत असे आणि तेही चालीवर. भरधाव फेरी घरी एकही नाही.

अजून एक सवय मोडायची होती. पूर्वी त्यांच्या घरी चांगली फेरी झाली की मुलीचे वडील आनंदाने म्हणायचे, आणखी एकदा. मग आणखी एकदा. घोड्याच्या बाजूने विचार केला तर जीव तोडून पळाल्याचं बक्षीस म्हणजे पुन्हा पळणं. आमच्याकडे नियम उलटा. ड्यूकने एखाद्या सुटण्यात मनापासून जोर लावला की मी तिथेच खाली उतरायची, तंग सैल करायची आणि त्याला हाताने चालवत घरी आणायची. कधीकधी सगळं काम दहा मिनिटांत संपायचं. घोडा हे फार लवकर शिकतो. पुढच्या खेपेला तो स्वतःच जोर शोधू लागतो.

दोन महिने होत आले तेव्हा मुलीला बोलावलं. घोडा बरा झाला होता, पण पळवायचा तिलाच होता. तिच्या जुन्या फेऱ्या मी फोनवर सावकाश चालवून पाहिल्या होत्या आणि एक गोष्ट मला खटकत होती. पिंपावरून सुटताना ती प्रत्येक ढांगेला टाच मारायची. दिवसभर चालू असलेल्या रेडिओकडे घरातलं कुणी लक्ष देत नाही, तसं ड्यूकने त्या टाचांकडे लक्ष देणं सोडलं होतं. शिवाय टाच मारताना तोल सावरायला तिचे हात वर जायचे आणि लगाम ताणला जायचा. पाय सांगत होते पळ, हात सांगत होते थांब. इमानदार घोडा अशा वेळी मधला मार्ग काढतो, म्हणजे सावकाश पळतो. यात मुलीचा दोष नव्हता. कुणी दाखवून दिल्याशिवाय खोगिरावरून हे कळत नाही.

तिला मी आठवडाभर पिंपांजवळ जाऊ दिलं नाही. फक्त उभ्यावरून चाल, चालीवरून धाव, परत उभं. एकदा हलकं पाय दाबायचं. उत्तर आलं नाही तर एकदाच, स्पष्ट, दोर. आणि उत्तर आलं की लगेच सगळं सोडून द्यायचं, पाय शांत, हात त्याच्या मानेवर पुढे. हे सोडून देणंच सर्वांत कठीण. तिला वाटायचं की आपण काही केलं नाही तर तो थांबेल. पहिल्यांदा तिने खरोखर पाय काढून घेतले आणि तो थांबला नाही, उलट वाढत गेला, तेव्हा ती रिंगणाच्या टोकाला पोचून मागे वळली आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्यावर चिडलेला वाटणारा घोडा आपलं ऐकायला तयार आहे, हे त्या वयात कळणं मोठं असतं.

मग बसण्याची जागा. दोन पिंपांच्या मध्ये तिने पुढे झुकून रिकिबीत उभं राहायचं आणि वळसा येण्याआधी शांतपणे खाली बसायचं. ती बसली की ड्यूकला कळतं, आता आवरायचं. ती पूर्वी फार लवकर बसायची आणि तो प्रामाणिकपणे लवकर आवरायचा. हे दुरुस्त झाल्यावर एकट्या दुसऱ्या पिंपापाशी डोळ्यांना दिसेल इतका फरक पडला.

या भागात मुलांना बॅरल रेसर शार्मेन जेम्स आणि तिचा घोडा स्कॅम्पर यांची गोष्ट पाठ असते. वडिलांनी 1,100 डॉलरला घेतलेला, बुजणारा, उसळणारा घोडा. त्याला घेऊन तिने 1984 ते 1993 अशी सलग दहा वर्षं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. 1985 च्या नॅशनल फायनल्समध्ये त्याच्या डोक्यावरून लगाम निसटला, तरी त्याने तिन्ही पिंपं नीट घेतली आणि ती फेरी जिंकली. मुलीच्या वडिलांनी ती गोष्ट मला पहिल्याच दिवशी ऐकवली होती, घोड्यात जिद्द असली पाहिजे हे पटवण्यासाठी. मी तीच गोष्ट त्यांना पुन्हा सांगितली, दुसऱ्या अंगाने: त्या फेरीत घोड्याला ना ओढणारं काही होतं ना आवरणारं. त्याला काम माहीत होतं आणि ते करायचं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, या आठवड्यात दोर घरीच ठेवू.

पहिली स्पर्धा आम्ही मुद्दाम छोटी निवडली. शर्यतीआधी थोडे पैसे भरून रिकाम्या रिंगणात सरावाची फेरी घेता येते, ती आम्ही निव्वळ चालीवर केली आणि तिसऱ्या पिंपापाशी उभं राहून त्याला श्वास घेऊ दिला. वेळ आली तेव्हा तो फाटकापाशी अंगात आला होता. नाचत नव्हता, पण मान वर, कान रिंगणाकडे. मुलीने पाय दाबले आणि सोडले. अठरा सेकंद आणि चार दशांश. पिंपं उभी. परत येताना तिसऱ्या पिंपापासून रेषेपर्यंत तो प्रत्येक ढांगेला वाढत होता. मला त्या दिवशीचा आकडा महत्त्वाचा वाटला नाही, ती शेवटची सरळ रेघ महत्त्वाची वाटली. सहा आठवड्यांनी मोठ्या मैदानावर त्याने 17.9 केले. पहिली आलेली घोडी होती 17.2 वर.

आता बहुतेक स्पर्धा विभागांत होतात. ही पद्धत 1992 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल बॅरल हॉर्स असोसिएशनने रुजवली: सर्वोत्तम वेळेपासून अर्ध्या सेकंदावर दुसरा विभाग सुरू होतो, एका सेकंदावर तिसरा, असं पुढे. त्यामुळे ड्यूक दुसऱ्या विभागात आला आणि मुलगी बक्षिसाचा चेक घेऊन घरी गेली. या पद्धतीचं मी मनापासून कौतुक करते. तिच्यामुळे मध्यम वेगाच्या, प्रामाणिक घोड्यांना जागा राहते आणि त्यांच्याकडून त्यांच्या कुवतीबाहेरचं ओरबाडून घेण्याचा मोह कमी होतो.

सगळे घोडे असे बदलत नाहीत, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी एक राखाडी घोडी आली होती. पोट स्वच्छ, पाय स्वच्छ, खोगीर ठीक, दम चांगला. कुरणात ती वाऱ्यासारखी पळायची. रिंगणात मात्र गर्दी आणि भोंगे ऐकून आतून मिटायची आणि काही केल्या उघडायची नाही. चार महिन्यांनी मी मालकांना सांगितलं की हिच्याकडून हे काम घेऊ नका. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी ऐकलं. ती आज एका रँचवर कुंपणं तपासायला जाणाऱ्या माणसाखाली असते आणि रोज मैलोन्‌मैल आनंदाने चालते.

ड्यूकचा त्रास गेल्या हिवाळ्यात पुन्हा वर आला. ओक्लाहोमाला लांबचा प्रवास, थंडी, दोन दिवस परक्या ठाणात. या वेळी कुणी मला काही विचारण्याआधी मुलीचाच फोन आला. "मॅम, याने सकाळी अर्धी चंदी ठेवली आणि तंगाला कान मागे टाकले. मी आज पळवत नाहीये." प्रवेशाचे पैसे गेले, एवढ्या लांब जाऊन ती न पळवता परत आली आणि वडिलांनी तिला एका शब्दाने बोल लावला नाही. दुर्बिणीत सौम्य व्रण निघाले, लवकर कळल्यामुळे थोड्या दिवसांत भरून आले. वसंतात तो परत पळायला लागला, त्याच विभागात, त्याच वेळांमध्ये. आता वडील तिला पहिल्या विभागासाठी आणखी एक घोडा बघू म्हणतात. ती म्हणते बघू, पण विकायचा कुणालाच नाही, आणि नवीन घोडा आला तरी त्याला आधी महिनाभर कुरणात सोडायचा.